जगलेल्या रोपांचा हिशेब

केनियातील वांगारी माथाई लहानपणी आईसाठी ओढ्यावर पाणी आणायला जात, तेव्हा पाण्यातील बेडकांच्या अंड्यांच्या लडी त्यांना मण्यांच्या माळा वाटत आणि त्या उचलण्याचा त्यांचा खटाटोप चाले. पन्नासहून अधिक वर्षांनंतर तो ओढा आटला होता, असे त्यांनी २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारताना सांगितले.

उघड्या जमिनीवर पावसाचा थेंब आदळला की मातीचे कण सुटे होऊन तिची सूक्ष्म छिद्रे बुजवतात आणि वर कडक पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, सुपीक थर घेऊन वाहून जाते. झाडाखाली पालापाचोळा हा मारा झेलतो आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून पाणी खोल उतरून सावकाश झऱ्यांपर्यंत पोहोचते. अर्थात झाडे स्वतःही पाणी पितात, त्यामुळे कोरड्या प्रदेशात भराभर वाढणारी निलगिरी दाट लावल्यास झरा उलट क्षीण होऊ शकतो. कोणते झाड कुठे लावायचे, हा प्रश्न म्हणूनच फार महत्त्वाचा आहे.

माथाई यांनी १९७७ मध्ये ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, ती सरपण आणि पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्या ग्रामीण स्त्रियांच्या तक्रारी ऐकून. औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या या स्त्रियांनी आसपासच्या देशी झाडांचे बी गोळा केले, फुटक्या मडक्यांतही रोपे वाढवली आणि एकमेकींना शिकवले. त्यांना अल्पसा मोबदला मिळे, पण तो रोप लावल्याचा नव्हे, तर जगल्याचा. मला ही अट सर्वांत मोलाची वाटते, कारण वनीकरणाचे बरेचसे अपयश लागवडीनंतरच्या दुर्लक्षातच असते. नोबेल मिळाले तोवर तीन कोटींहून अधिक झाडे लावून झाली होती.

झाडे वाढली तरी चूल पेटवावीच लागते. तिथे शाश्वत वनव्यवस्थापनाची जुनी रीत उपयोगी पडते: धुमारे फुटणाऱ्या जातीचे खोड जमिनीलगत छाटले, तरी जिवंत मुळांतील साठ्यावर नवे कोंब येतात, त्यांतले जोमदार दोन-तीन राखून उरलेल्यांचे सरपण करता येते आणि माती धरून ठेवणारी मुळे जागच्या जागी राहतात. कोणते लाकूड धूर कमी करते, कोणते छाटल्यावर पुन्हा फुटते, हे रोज मोळी वाहणारी स्त्री अनुभवाने ओळखते. तरीही जगात अनेक ठिकाणी झाड वाढवते ती, आणि जमीन मात्र दुसऱ्याच्या नावावर असते. मग छाटणी कधी आणि किती करायची, हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे राहत नाही.