दयाळू देवाच्या जगात दुःख का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणपती पोचवून, दमूनभागून माणसं झोपली होती. पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे ८,००० माणसं मेली. बहुतेकांवर स्वतःच्याच घराच्या रुंद दगड-मातीच्या भिंती आणि वरचं जड माळवद कोसळलं होतं.

अशा वेळी दोन वाक्यं हमखास निघतात. ज्याचं गेलं तो म्हणतो, ‘देवा, आमचं काय चुकलं?’ आणि दुरून बघणारा म्हणतो, ‘काहीतरी पाप असणार.’ देव दयाळू आहे, सर्वशक्तिमान आहे, तरी दुःख का, या प्रश्नाची जुनी-नवी उत्तरं वाचत गेलं की ही दोन वाक्यं पुनःपुन्हा भेटतात. देवाला निर्दोष ठरवायचं म्हटलं की आरोपीच्या पिंजऱ्यात दुसऱ्या कुणाला तरी उभं करावं लागतं, आणि सगळ्यांत जवळ सापडतो तो ज्याच्यावर भिंत पडली तोच.

बायबलच्या जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक या बाबतीत आजही थक्क करतं. ईयोब नीतिमान माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, आणि वाळवंटाकडून सुटलेल्या वाऱ्याने घर कोसळून त्याचे सात मुलगे आणि तीन मुली मरतात. मग अंगभर गळवं. तीन मित्र भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहतात. इथवर त्यांचं काहीच चुकत नाही. चुकतं ते तोंड उघडल्यावर. अलीफज विचारतो, निरपराध माणसाचा कधी नाश झाला आहे का? बिल्दद तर मुलं गमावलेल्या बापाला सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल, त्याचं फळ त्यांना मिळालं. ईयोब ऐकून घेत नाही. तो देवाशी भांडतो, समोर ये आणि माझा अपराध दाखव म्हणतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण ‘का’चं उत्तर देत नाही. बेचाळिसाव्या अध्यायात मात्र तो अलीफजला बजावतो की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची वकिली करणारे खोटे ठरतात आणि भांडणारा खरा. हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी हे लिहून ठेवलं, तरी मित्रांचीच वाक्यं पुढे जास्त चालली.

ग्रीकांकडे हाच प्रश्न तर्काच्या नेमक्या रूपात आला. देवाला वाईट टाळायचं आहे पण जमत नाही, की जमतं पण टाळायचं नाही? ही मांडणी एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे आणि ती आपल्याला चौथ्या शतकातल्या लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकामुळे माहीत आहे, ज्याने ती खोडण्यासाठी उतरवून घेतली होती. पुढे ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने सांगितलं की वाईट ही स्वतंत्र वस्तूच नाही, ती चांगल्याची उणीव आहे, आणि तिचं मूळ माणसाच्या बहकलेल्या इच्छेत आहे. स्वतंत्र इच्छेचा हा युक्तिवाद विसाव्या शतकापर्यंत सुधारून सुधारून वापरला गेला. खुनाला तो काही प्रमाणात लागू पडतो. भूकंपापाशी तो अडखळतो.

आपल्याकडे हा प्रश्न थेट ब्रह्मसूत्रांत, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चौतिसावं सूत्र येतं: ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथा हि दर्शयति’. वैषम्य म्हणजे पक्षपात, नैर्घृण्य म्हणजे निर्दयपणा. कुणाला सुखात, कुणाला दुःखात जन्माला घालणारा ईश्वर पक्षपाती आणि क्रूर ठरत नाही का, ही शंका सूत्रकारांनी कुठलीही भीडभाड न ठेवता मांडली आहे. उत्तर असं, की ईश्वर प्राण्यांच्या कर्माकडे पाहून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला दिला: पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, भात उगवेल की जव, हे बियाण्यावर ठरतं. लगेच पुढच्या सूत्रात अडचण येते. पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म होतंच कुठे? त्यावर उत्तर, संसार अनादी आहे, पहिली सृष्टी अशी नाहीच.

तर्क म्हणून हे फार चिरेबंदी आहे. देव सुटला, नियम राहिला, हिशेब जुळला. पण ही खतावणी अशी आहे की ऋणको स्वतःचं पान कधीच वाचू शकत नाही. कर्ज कोणत्या जन्मी घेतलं, किती, कशासाठी, काही आठवत नाही. फक्त वसुली दिसते.

त्या वसुलीची किंमत चोखोबांच्या, म्हणजे चोखामेळ्यांच्या घरात कळते. चौदाव्या शतकातला, अस्पृश्य ठरवलेल्या जातीतला हा संत, पंढरीच्या देवळाबाहेर उभा राहून विठ्ठलाला हाका मारणारा. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात ते स्वतःच हिशेब मांडतात: मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म, ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें हें फळ ॥’. अत्याचार सोसणाऱ्यानेच स्वतःला दोषी मानलं, यापेक्षा त्या उत्तराचा मोठा विजय तो काय, आणि हे वाचताना गळा दाटून येतो. पण त्याच घरात त्यांच्या पत्नी सोयराबाईंनी विटाळाच्या मुळालाच हात घातला: ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥’. आणि मुलाने, कर्ममेळ्याने, बापाचा जबाब फिरवून प्रश्न पुन्हा देवावर टाकला: ‘आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥’. मुलाचं नाव कर्ममेळा असावं आणि त्यानेच कर्माचा हिशेब मानायला नकार द्यावा! चोखोबा गेले तेही भिंतीखालीच. मंगळवेढ्याचं गावकूस बांधताना ते कोसळलं आणि कामावरची माणसं गाडली गेली, असं परंपरा सांगते.

सहाशे वर्षांनी बाबासाहेब आंबेडकरांनी हा धागा थेट तोडला. पूर्वजन्मीच्या कर्माने गरिबी आणि हीनपणा येतो असं म्हटलं की समाज आणि राज्य आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, असं त्यांनी बुद्धावरच्या आपल्या अखेरच्या ग्रंथात लिहिलं. अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८चा त्यांचा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केलेला आहे, त्यांत नंदनार आणि रविदासांबरोबर चोखामेळाही आहेत.

युरोपात १७१० साली लायब्निझ या जर्मन तत्त्वज्ञाने ‘थिऑडिसी’ हा शब्द घडवला. ग्रीकमधल्या देव आणि न्याय या दोन शब्दांचा तो जोड. देवाने शक्य असलेल्या सर्व जगांतून सर्वोत्तम जग निवडलं, आपल्याला तुकडा दिसतो, पूर्ण चित्र दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. पंचेचाळीस वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला भूकंप झाला. चर्च भरलेली होती. छतं कोसळली, पेटत्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, मोकळ्या जागेसाठी नदीकाठी धावलेल्यांना समुद्राच्या लाटांनी ओढून नेलं. शहर पाच-सहा दिवस जळत राहिलं. फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने आधी एका कवितेत आणि मग १७५९च्या ‘कॉंदीद’ या लघुकादंबरीत ‘सर्वोत्तम जगा’वर असा प्रहार केला की तो विचार पुन्हा नीट उभा राहिला नाही.

पण मला त्या वादातली दोन वेगळी माणसं महत्त्वाची वाटतात. एक मालाग्रिदा, जेझुइट धर्मगुरू. भूकंपाचं कारण नैसर्गिक नसून लिस्बनची पापंच आहेत, अशी पुस्तिका त्याने १७५६मध्ये काढली. तंबूत राहणाऱ्या, मढी मोजणाऱ्या लोकांना ती वाचायला मिळाली. पुढे मंत्री पोंबालने जेझुइटांना पोर्तुगालच्या मुलखातून, गोव्यातूनही, घालवलं आणि १७६१मध्ये मालाग्रिदाला पाखंडी ठरवून मारण्यात आलं. पापाचा हिशेब सांगणाऱ्याचाही शेवट त्याच पिंजऱ्यात व्हावा, हे भयंकर आहे. दुसरा रूसो, तत्त्वज्ञ. ऑगस्ट १७५६च्या पत्रात त्याने व्हॉल्तेअरला लिहिलं की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे एकाला एक लागून निसर्गाने बांधली नव्हती. इथे प्रश्न पहिल्यांदा आभाळातून बांधकामावर उतरला. किल्लारीच्या भिंती आठवल्या की हे वाक्य किती खरं आहे ते कळतं. पोंबालनेही प्रत्येक चर्च-परगण्याला प्रश्नावली पाठवली: धक्के किती वेळ बसले, समुद्र आधी चढला की उतरला, किती घरं पडली. भूकंपशास्त्राच्या सुरुवातीच्या खुणांत तिची गणना होते.

तरी मालाग्रिदाचं वाक्य संपलं नाही. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा ते खुद्द गांधीजींच्या तोंडून आलं. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असं ते तमिळ मुलखातल्या हरिजन दौऱ्यात म्हणाले. त्यांनी ‘आपलं पाप’ म्हटलं होतं, स्वतःला वगळलं नव्हतं, हे नोंदवायलाच हवं. पण ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही होतेच. रवींद्रनाथांनी तीव्र दुःखाने विरोध नोंदवला, की भौतिक उत्पाताची कारणं भौतिकच असतात आणि आपल्या चुका सृष्टीची घडी मोडण्याइतक्या बलवान नाहीत. गांधीजींनी तो विरोध १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये स्वतः छापला आणि आपली श्रद्धा सिद्ध करता येत नाही हे मान्य करूनही ती सोडली नाही.

हिटलरच्या तुरुंगात बोनहॉफर या पाद्र्याने जुलै १९४४मध्ये वेगळंच लिहिलं: सोसणारा देवच आता मदत करू शकतो. न्यायासनावरून उठून देव सोसणाऱ्याच्या शेजारी येऊन बसला.

आपल्याकडे ती जवळीक भांडणातून आली आहे. १६३०च्या सुमारास दख्खनेत आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. देहूच्या महाजनाच्या घरात कर्तेपण नुकतंच अंगावर पडलेला तरुण तुकाराम होता. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥’ इतकंच त्याने लिहिलं. पहिली बायको रखमा गेली, मुलगा संतू गेला. ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’ म्हणणाराही तोच, आणि ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥’ म्हणणाराही तोच. दोन्ही अभंग एकाच गाथेत आहेत, आणि वारकऱ्यांनी दोन्ही जपले.

घरात कर्जखतं होती. वडिलांच्या वेळेपासून लोकांकडून येणं असलेल्या पैशांची. दुष्काळाने मोडलेल्या कुळांकडून कायद्याने ती वसूल करता आली असती. परंपरा सांगते की तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खतं उचलून इंद्रायणीत सोडली.