चेरोकी-ॲडमिन

चेरोकी-ॲडमिन : चेरोकी या मुक्तस्रोत वेब सर्व्हरची (संकेतस्थळाची पाने वाचकाच्या ब्राउझरला पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग्ज ब्राउझरमधून बदलण्यासाठी सर्व्हरसोबतच मिळणारे ॲडमिन पॅनेल. आल्वारो लोपेझ ओर्तेगा यांनी २००१ मध्ये सुरू केलेला हा सर्व्हर सी भाषेत लिहिलेला आहे. अपाची किंवा एनजिनएक्स हे दुसरे वेब सर्व्हर वापरणारा सहसा सेटिंगच्या फायली स्वतः लिहितो; चेरोकीत ती फाइल पॅनेलच लिहिते. अलीकडे चेरोकीच्या नव्या आवृत्त्या फारशा निघालेल्या नाहीत. तरीही आभासी सर्व्हर (एकाच यंत्रावरची वेगवेगळी संकेतस्थळे) आणि विनंतीला काय उत्तर द्यायचे ते ठरवणाऱ्या नियमांचा क्रम इतक्या स्वच्छपणे डोळ्यांसमोर मांडणारे साधन शिकणाऱ्याला आजही उपयोगी पडते.

पॅनेल कायम चालू ठेवायचे नसते. टर्मिनलमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने त्याची आज्ञा दिली की ते सुरू होते आणि ‘ॲडमिन’ हे वापरकर्तानाव व त्या वेळेपुरता तयार झालेला पासवर्ड तिथेच दाखवते. त्याचा पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे ‘हेच यंत्र’) आणि पोर्ट (यंत्रावरच्या त्या सेवेचा क्रमांक) ९०९० असल्याने ते फक्त त्याच यंत्रावरच्या ब्राउझरला दिसते. नवशिका बहुधा इथेच अडतो, कारण सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आणि काम करणारा बेळगावच्या टिळकवाडीत असेल, तर त्याच्या लॅपटॉपवर पान उघडतच नाही. पॅनेल सगळ्या नेटवर्कसाठी खुले करण्याचा पर्याय आज्ञेत आहे, पण इंटरनेटवरच्या यंत्रावर तो वापरू नये. त्याऐवजी एसएसएच टनेल (दोन यंत्रांमधला कूटबद्ध मार्ग) करून लॅपटॉपचे ९०९० पोर्ट सर्व्हरच्या ९०९० पोर्टाला जोडावे, म्हणजे पॅनेल बाहेरच्यांना न दिसता आपल्यापुरते उघडते. काम झाले की कंट्रोल-सी दाबून ते बंद करावे. सर्व्हर स्वतंत्रपणे चालत असल्याने संकेतस्थळ सुरूच राहते.

आत गेल्यावर पहिले महत्त्वाचे पान आभासी सर्व्हरांचे. कडोली, उचगाव यांसारख्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात. अशा एखाद्या संमेलनाचे आणि गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ एकाच यंत्रावर ठेवायचे असेल, तर प्रत्येकासाठी वेगळा आभासी सर्व्हर करून त्याला डोमेन नाव व फायलींची डिरेक्टरी नेमून द्यावी. कोणत्याच नावाशी न जुळणारी विनंती ‘डीफॉल्ट’ सर्व्हरकडे जाते.

प्रत्येक आभासी सर्व्हराखाली नियमांची यादी असते आणि ती वरून खाली तपासली जाते, त्यामुळे विशिष्ट नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली ठेवावा लागतो. सीमाभागात याचा एक नेमका उपयोग आहे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बेळगाव शहराचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ केले. ज्या संस्थांनी नंतर पत्त्यातले इंग्रजी स्पेलिंग बदलले, त्यांच्या जुन्या दुव्यांसाठी पुनर्निर्देशनाचा (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवण्याचा) नियम यादीत वर ठेवला की जुना वाचक ३०१ (‘पान कायमचे हलले’) या उत्तरासह नव्या पानावर पोहोचतो. पत्ता देवनागरीत ठेवल्यास तो प्रत्यक्षात बराच लांबतो : यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइटासाठी टक्क्याची खूण व दोन अंक-अक्षरे लागतात, म्हणून काना-मात्रेसह ६ चिन्हांचे ‘बेळगाव’ ५४ अक्षरांचे होते. कन्नड लिपीचीही गत तीच. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) अशी टक्क्यांची रांग दिसली म्हणून फाइल बिघडली असे समजू नये.

पॅनेलमध्ये केलेला बदल सेव्ह करेपर्यंत फाइलीत उतरत नाही. सेव्ह करताना सर्व्हर सौम्यपणे रीस्टार्ट करावा, पूर्णपणे करावा की सध्या करूच नये, असे विचारले जाते. सौम्य रीस्टार्टमध्ये चालू विनंत्या पूर्ण होऊ दिल्या जातात, म्हणून वाचक पान उघडून बसलेले असताना तोच निवडावा. चेरोकीची सेटिंग्ज साध्या मजकुराच्या एकाच मुख्य फाइलीत असतात. तिची प्रत आधी काढून ठेवली, तर चुकलेला नियम मागे घेण्यासाठी ती जागेवर ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की पुरते.