नवापूरचे पांढरे सूट आणि गोठ्यातले हातमोजे
१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या कोंबड्यांत एच५एन१ विषाणू असल्याचे जाहीर झाले. भारतातली बर्ड फ्लूची ही पहिली नोंद. अंगभर सूट, एन-९५ मास्क आणि गॉगल घातलेली माणसे शेडमध्ये उतरली, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. माणसांत लागण आढळली नाही. खानदेशात अनेकांनी असा पोशाख तेव्हाच पहिल्यांदा पाहिला आणि तो सरकारी पथकाचा म्हणूनच लक्षात राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला तो पुन्हा दिसला.

हा पोशाख घालताना सहसा चूक होत नाही, होते ती काढताना. विष्ठेची धूळ बाहेरच्या बाजूला बसलेली असते. घामाने गॉगलवर वाफ धरली की हात आपसूक डोळ्यांकडे जातो. म्हणून क्रम पाळायचा: गमबूट आधी ब्रशने घासून मग जंतुनाशकात, कारण शेण-विष्ठा चिकटलेली असली तर ब्लीचिंगचा जोर तिच्यावरच संपतो. नंतर हातमोजे उलटे करून काढायचे, हात धुवायचे, गॉगल, मग सूट आतली बाजू वर ठेवून गुंडाळायचा. मास्क सर्वांत शेवटी, मागचे पट्टे धरून. पुन्हा साबणाने हात.

ऑगस्ट २०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाच्या त्या लाटेतली राज्यातली पहिली नोंद रावेर तालुक्यातल्या चिनावलची. लम्पी माणसाला होत नाही, ती माश्या, डास, गोचिडांनी पसरते. तिथे सूटपेक्षा प्रत्येक जनावराला नवी सुई महत्त्वाची, आणि आजारी जनावराचे काम शेवटी.

खरी काळजी वाटते ती ब्रुसेलाची, म्हणजे गुरांकडून माणसाला लागणाऱ्या जिवाणूंची. गाय गाभडली (गर्भपात झाला) किंवा वार (जार) अडकली की आजही उघडा हात आत जातो. वारेत आणि गर्भजलात हे जिवाणू अफाट असतात. हातावरच्या चिरेतून, डोळ्यातून शिरतात. मग माणसाला महिनोन्महिने चढउताराचा ताप, सांधेदुखी. औषध मात्र टायफॉइडचे चालू राहते. खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिक हातमोजा पातळ असतो, नखाने किंवा अंगठीने बोटांशी फाटतो. त्यावर रबरी हातमोजा चढवला की टिकतो आणि पकडही मिळते. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना टोचायची ब्रुसेलावरची एस-१९ लसही जिवंत जिवाणूंचीच: टोचणाऱ्याने गॉगल घालावाच, डोळ्यात उडाली किंवा सुई लागली तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि लसीचे नाव सांगावे. पडलेली वार उकिरड्यावर टाकू नये. कुत्री ओढून गावभर नेतात. खोल खड्डा, वर चुना, वर माती.