उत्तरवाहिनी लेना आणि वरून येणारा वसंत

नदी उत्तरेकडे वळली की तिच्या पाण्यात चुंबकीय शक्ती उतरते आणि त्या पाण्यानं रोग बरे होतात, असा मजकूर अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरत असतो. उत्तरवाहिनी नदीला आपल्याकडे मान आहे, ती श्रद्धा ज्यानं त्यानं जपावी. पण विज्ञानाचं नाव घेऊन हे सांगणं थांबायला हवं. पाण्याला दिशा कळत नाही, फक्त उतार कळतो. तरीही उत्तरेला वाहिल्यामुळे एखाद्या नदीचं सगळं वागणं बदलू शकतं. ते कसं, हे सायबेरियातल्या लेना नदीत दिसतं.

लेना उगम पावते बैकल सरोवराच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, सरोवराच्या अगदी जवळ. पण बैकलला न मिळता ती उलट दिशा धरते आणि व्हितिम, ओल्योक्मा, अल्दान, व्हिल्युय यांचं पाणी घेत सुमारे 4,300 किलोमीटर जाऊन आर्क्टिकच्या लाप्तेव्ह समुद्राला मिळते. तिचं खोरं 25 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे भारताच्या पाऊणपट. एवढ्या मुलखात मोठं म्हणावं असं शहर एकच, याकुत्स्क. हिवाळ्यात तिथं नदीवर दीडेक मीटर जाड बर्फ धरतो आणि त्यावरून मालमोटारी धावतात.

आता वसंताचं गणित पाहा. उगमाकडचा भाग 54 अंश अक्षांशाजवळ, मुख 72 अंशांच्याही वर. वरच्या अंगाला बर्फ फुटतो एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला, याकुत्स्कला मेच्या मध्यानंतर आणि मुखाजवळ जूनमध्ये. व्होल्गा दक्षिणेला वाहते, त्यामुळे तिचं मुख आधी मोकळं होतं आणि वरून आलेल्या बर्फाला वाट मिळते. लेनेत नेमकं उलटं घडतं. वितळलेलं पाणी खाली धावतं आणि खाली अजून हिवाळाच असतो.

पाणी येतं तेही एकदम. खोऱ्यातली बहुतेक जमीन कायमची गोठलेली आहे. याकुत्स्कमध्ये शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं 1828 ते 1837 या काळात पाण्यासाठी विहीर खणवली. 116 मीटर खोल गेले तरी गोठलेली मातीच लागली. अशा जमिनीत वितळलेला हिम मुरणार कुठे? तो थेट नदीत उतरतो. मुखाजवळच्या क्युस्युर इथं एप्रिलमध्ये नदीचा प्रवाह जेमतेम दीड-दोन हजार घनमीटर प्रतिसेकंद असतो, तर जूनची सरासरी सत्तर हजारांच्या वर जाते.

इथून पुढे सगळं बर्फाच्या ताकदीवर ठरतं. नदीवरचा बर्फ हा उभ्या, लांबट स्फटिकांचा गठ्ठा असतो. पाणी गोठताना त्यातले क्षार आणि गाळ स्फटिकांच्या सांध्यांमध्ये ढकलले जातात, म्हणून ते सांधे बाकी बर्फाच्या आधी वितळतात. वरचा हिम गेला की ऊन आत शिरतं आणि सांधे सैल करतं. वरून बर्फ मीटरभर जाडच दिसतो, पण काठीनं टोचला तर उभ्या कांड्यांत सुटा होतो. जाडी तीच आणि ताकद संपलेली! मला या साऱ्या प्रकरणात याचंच सर्वांत अप्रूप वाटतं. असा मुरलेला बर्फ पुराला फारसा अडवत नाही. पण ऊन मुरायच्या आत पुराची लाट पोहोचली, तर ती टणक थर खालून उचलते. काठालगत लांब भेगा पडतात, प्रचंड लाद्या सुटतात आणि वळणावर किंवा बेटापाशी अडकून एकमेकींखाली घुसतात. अशा कोंडीचा खालचा पृष्ठभाग इतका खडबडीत असतो की घर्षण कितीतरी वाढतं. तेवढंच पाणी पुढे जायला नदीला आता जास्त खोली लागते, म्हणून पातळी चढते. पाऊस थेंबभरही नसताना पूर येतो, तो असा.

मे 2001 मध्ये कडक हिवाळ्यानंतर लेन्स्क शहराजवळ अशीच कोंडी झाली. पाणी मोजपट्टीवर 20 मीटरच्या आसपास चढलं आणि जवळजवळ सगळं शहर बुडालं. कोंडी फोडायला लढाऊ विमानांतून बॉम्ब टाकले गेले. बातम्यांना असली दृश्यं फार आवडतात. पण कोंडीच्या खालच्या बाजूला मोकळं पाणी नसेल, तर फोडलेले तुकडे जाणार कुठे? ते पुन्हा तिथंच अडकतात.

म्हणून याकुतियात, म्हणजे याकुत्स्क ज्या प्रांतात येतं तिथं, खरी तयारी पूर येण्याआधी होते. कोंडी नेहमी जिथं होते, तिथल्या बर्फात यंत्रांनी लांब चिरा पाडतात आणि पृष्ठभागावर कोळशाची भुकटी किंवा वाळू पसरतात. पांढरा हिम बहुतेक ऊन परतवतो, काळा थर ते शोषतो. त्या जागचा बर्फ पुराच्या लाटेआधी सांध्यासांध्यांत सैल व्हावा, एवढ्यासाठी हा खटाटोप असतो. चिरा पाडणारी यंत्रं आणि माणसं त्याच बर्फावर उभी असतात, त्यामुळे हे सगळं तो त्यांचं वजन पेलतो आहे तोवरच उरकावं लागतं.