घाटाखालची मिरी, घाटावरची मिरची

मसाल्याच्या व्यापाराचा विषय निघाला की बेळगावकडं आधी गोव्याचं नाव येतं. पण मिरीचं खरं आगर गोव्याच्या दक्षिणेला, उत्तर कन्नडच्या सुपारीबागांत आणि पुढं मलबारात. सुपारीच्या खोडावर वेल चढवायचा, घोस हिरवे असतानाच उतरवायचे आणि काळे पडेपर्यंत उन्हात वाळवायचे. याच मिरीच्या जोरावर गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीनं सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य राखलं. पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत.

१५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं आदिलशाहीकडून गोवा घेतला. युरोपला जाणारी मिरी मुख्यतः कोचीनला भरली जाई, तरी हुकूम गोव्यातून सुटत. गोव्याची स्वतःची मोठी कमाई होर्मुझहून येणाऱ्या घोड्यांवरच्या जकातीची, आणि त्या घोड्यांचे गिऱ्हाईक विजयनगर नि विजापूर. जुन्या गोव्याच्या थाटामाटात घाटावरचाही पैसा आहे, हे आपण सहसा धरत नाही.

इंग्रजांनी १६३८ मध्ये कारवारला वखार घातली ती मिरीसाठी, तशीच हुबळीकडच्या कापडासाठीही. १६७३ मध्ये मराठ्यांनी हुबळी लुटली तेव्हा इंग्रजांच्या मालालाही झळ बसली. घाटातून माल वाहायचे लमाणांचे बैल: उतरताना धान्य नि कापड, चढताना मीठ, नारळ, मसाले. १८८८ मध्ये कॅसलरॉकवरून मुरगावची रेल्वे सुरू झाली आणि तांड्यांचा धंदा बसत गेला.

व्यापारामागोमाग धर्माची सक्तीही आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. त्याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंड्याकडं हलवला गेला. कितीतरी सारस्वत घरं गोवा सोडून बाहेर पडली, काही घाट चढून वर आली. बेळगाव-खानापुरातले लोक आजही कुलदेवाला फोंडा महालात जातात ते त्यामुळंच.

घाटावर मात्र रुजली ती मिरची. अमेरिकेतली ही वनस्पती पोर्तुगीज जहाजांतून आली. तोवर आपल्याकडं तिखट म्हणजे मिरी नि आलं. हिला वेलासारखा आधार लागत नाही, परसात कुठंही येते, त्यामुळं मिरीसारखी ती कुणा राजाच्या ताब्यात राहणं शक्यच नव्हतं. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरच्या नावानं एक वाणच ओळखला जातो. हावेरीकडच्या ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, डंकावर कुटायला न्यायची तर रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरी असते ती लवंग-दालचिनीबरोबर, मूठभरच.