टेक्स्ट एडिटरमधील पॅनलची मांडणी : पार्श्वभूमी

इंदुरात हिंदी मजकूर मराठीत आणण्याचे काम करणाऱ्याला एका बाजूला मूळ हिंदी, शेजारी मराठी मसुदा आणि खाली शोधाचे निकाल एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. या भागांची, म्हणजे पॅनलची, मांडणी टेक्स्ट एडिटरने (मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅमने) लक्षात ठेवावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. मात्र ती पुरी होण्यामागे मोठा इतिहास आहे.

1985 च्या विंडोज 1.0 मध्ये प्रोग्रॅमच्या विंडो फरश्यांसारख्या शेजारीशेजारी बसत. 1987 च्या 2.0 आवृत्तीत त्या एकमेकींवर येऊ लागल्या, मोकळीक वाढली आणि हवी ती विंडो दुसरीखाली दडूही लागली. डॉकिंग हा या दोहोंतला मधला मार्ग होता : पॅनल सुटे करता येते, आणि कडेला ओढून सोडले की तिथे बसून मजकुराची जागा तेवढीच कमी करते. पॅनलना टॅब लावून ती एकत्र बसवण्याच्या पद्धतीवर अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीने 1996 मध्ये पेटंट मिळवले, 2000 मध्ये मॅक्रोमीडिया या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीवर दावा लावला आणि 2002 मध्ये तडजोड झाली. इतक्या रोजच्या सोयीवरही कज्जा होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

ओढलेले पॅनल नेमके कुठे बसेल, हा अंदाजाचा खेळ बरीच वर्षे चालला. व्हिज्युअल स्टुडिओ 2005 या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात पॅनल ओढताच पडद्यावर दिशादर्शक खुणा उमटू लागल्या आणि ते बसणार असलेली जागा आधीच छायांकित दिसू लागली. माझ्या मते वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची सुधारणा होय.

मांडणी जपण्याचा प्रश्न मात्र अधिक किचकट आहे. क्यूटी (Qt) या प्रोग्रॅमच्या विंडो, पॅनल बनवण्याच्या तयार साधनसंचात तिची नोंद ठेवण्याची आणि ती परत आणण्याची सोय आहे, पण प्रत्येक पॅनलला स्वतंत्र अंतर्गत नाव दिलेले नसेल तर ते आपल्या जागी परतत नाही, आणि वापरणाऱ्याला कारणही कळत नाही. 2015 मध्ये आलेल्या व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या एडिटरमध्ये मजकुराचा भाग सुटा करून दुसऱ्या पडद्यावर नेण्याची सोय 2023 च्या नोव्हेंबर आवृत्तीत मिळाली. कार्यालयातल्या दोन पडद्यांवर लावलेली मांडणी घरच्या लॅपटॉपवर उघडताना खरी कसोटी लागते : सुट्या पॅनलची जागा केवळ पिक्सेलमध्ये नोंदलेली असेल तर ते दृश्य भागाबाहेर उघडू शकते, म्हणून एडिटरने उघडताना उपलब्ध पडदे तपासून पॅनल आत ओढावे आणि दोन पडद्यांची मूळ नोंद पुसू नये.