समीक्षकाचं तिकीट कोण काढतं?

सदाशिव पेठेतल्या एका फ्लॅटची आतली खोली, पॉडकास्टचं, म्हणजे मोबाइलवर ऐकायच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं, रेकॉर्डिंग करायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या, टेबलावर दोन माईक, खिडकी बंद. "ताई, पंखा बंद करतोय हं, घरघर रेकॉर्ड होते," समोरचा मुलगा म्हणाला. मे महिना होता. पुढचे अडीच तास आम्ही मराठी सिनेमावर बोललो आणि उठता उठता त्याने विचारलं, "तुम्ही स्वतंत्र समीक्षक. म्हणजे नक्की कोणापासून स्वतंत्र?"

मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी येताना रिक्षात त्या उत्तराची लाज वाटत राहिली. कारण प्रश्न साधा होता आणि त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. समीक्षकाची खुर्ची आजवर कोणाच्या पैशावर चालत आली, हे बघत गेलं की तो उलगडतो.

सुरुवातीला सिनेमावर लिहिणारे आणि सिनेमा काढणारे यांच्यात फारसा फरकच नव्हता. दादासाहेब फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लेखमाला लिहिली. गिरगावात ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहताना आपल्या देवादिकांची चित्रं डोळ्यांसमोर कशी उभी राहिली, हे त्यांनी तिथेच सांगितलं. आपल्याकडे मराठीत सिनेमाविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक खुद्द निर्माताच होता.

१९३५ मध्ये मुंबईत बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' काढलं. मासिक इंग्रजी, पण त्यातला रोखठोकपणा अस्सल इथल्या मातीतला. त्यांच्या परीक्षणाला बडे निर्माते घाबरत. वाचकांच्या प्रश्नांना ते स्वतः उत्तरं देत आणि अंक हातात पडला की अनेक जण आधी ते सदर उघडत. उर्दू लेखक मंटोने त्यांच्यावर लेख लिहिला, इतका त्या माणसाचा दबदबा. पण हेच बाबूराव स्वतः चित्रपटही काढत होते. १९४४ च्या 'द्रौपदी'त त्यांच्या पत्नी सुशीलाराणी नायिका होत्या. मासिक जाहिरातींवर चालायचं आणि जाहिराती अर्थातच सिनेमांच्या. तेव्हा धारदार लिहिणं आणि स्वतंत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला बाबूरावांपासूनच शिकता येतं.

नंतर वर्तमानपत्रांचा काळ आला. प्रेस शो म्हणजे पत्रकारांसाठीचा खास खेळ, मध्यंतरातला बटाटावडा आणि रविवारच्या पुरवणीतलं परीक्षण. त्यात उत्तम लिहिणारे होते आणि त्यांनी मराठी वाचकाला सिनेमा बघायची सवय लावली. मात्र तिकीट निर्मात्याचं आणि पगार मालकाचा. ज्या पानावर परीक्षण छापायचं, त्याच पानावर खाली त्याच सिनेमाची जाहिरात. मीही तीन वर्षं एका दैनिकात होते. एका मोठ्या चित्रपटाच्या परीक्षणातले दोन परिच्छेद मला न विचारता काढले गेले आणि दोनाचे साडेतीन तारे झाले. जाहिरात विभागाचा फोन आला होता, एवढंच कळलं. मी भांडले, हरले आणि काही महिन्यांनी नोकरी सोडली.

पण माझ्यासारखीची खरी वंशावळ वर्तमानपत्रात नाही, फिल्म सोसायटीत, म्हणजे सिनेमाप्रेमींनी चालवलेल्या मंडळांत आहे. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्त्यात सोसायटी सुरू केली. १९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ उभं राहिलं. सुधीर नांदगावकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. 'वास्तव रूपवाणी' हे मंडळाचं नियतकालिक, आणि मराठीत सिनेमावर सविस्तर लिहायला ती हक्काची जागा झाली.

सोसायटीचं अर्थशास्त्र अगदी सोपं होतं. सभासद वर्गणी भरत. त्या पैशातून हॉलचं भाडं जाई, रिळं आणण्याचा खर्च निघे, चहा होई. फक्त सभासदांसाठीच्या खेळांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळे, त्यामुळे एरवी इथे कधीच न दिसणारे परदेशी सिनेमे बघायला मिळत. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर तिथे अंधारात बसून छोट्या बॅटरीच्या उजेडात रीळवार नोंदी करत. त्या संग्रहातल्या प्रती गावोगावच्या सोसायट्यांकडे जात. शेजारच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर सिनेमा कसा वाचायचा ते शिकवत, आणि तिथल्या रसास्वाद शिबिरांतून शिक्षक, बँकेतले कारकून, डॉक्टर अशी माणसं तयार होऊन आपापल्या गावी परतत.

सिनेमा संपल्यावर दिवे लागत आणि चर्चा सुरू होई. माझं शिक्षण तिथलं. कॉलेजात असताना अशाच एका खेळाला 'संत तुकाराम' पाहिला, प्रभात फिल्म कंपनीचा, १९३६ चा. विठोबाला जाब विचारायला तुकारामांची बायको जिजाई हातात वहाण घेऊन देवळात शिरते, त्या प्रसंगावर आम्ही पोरं मोठमोठे शब्द वापरून बोलत होतो. मागच्या रांगेतून एक काका उठले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. म्हणाले, "ही बाई नाटक नाही करत, भांडतीये. माझी आई असंच भांडायची विठोबाशी, विहिरीत पोहऱ्याचा दोर तुटला की." आणि खाली बसले. जिजाईचं काम करणाऱ्या गौरी या शिकलेल्या नटी नव्हत्या, प्रभातमध्ये लहानसहान कामं करता करता पडद्यावर आल्या, हे मी पुढे कधीतरी वाचलं. काकांना ते ठाऊक नव्हतं, तरी त्यांना ते दिसलं होतं.

पॉडकास्टवर पाहुणी म्हणून बोलताना मला कायम ती चर्चा आठवते. लोक म्हणतात, समीक्षा आता लिहिण्याऐवजी बोलण्याची झाली. अहो, ती आधीपासून बोलण्याचीच होती! फक्त ते बोलणं हॉलच्या दाराबाहेर जात नव्हतं. अमेरिकेत समीक्षक पॉलीन केल यांनी १९५० च्या दशकात बर्कलीच्या केपीएफए या रेडिओ केंद्रावरून चित्रपटांवर बोलायला सुरुवात केली. केंद्र जाहिरातींवर नव्हे, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालायचं, त्यामुळे जीभ मोकळी. पण केल यांना त्या कामाचा मोबदला मिळत नव्हता. जीभ मोकळी आणि हातही मोकळे, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

मराठीतही पोट भरायला दुसरं काही आणि सिनेमासाठी उरलेला वेळ, अशी रीतच राहिली. अरुण खोपकरांचं 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' १९८५ मध्ये आलं आणि त्याला सिनेमावरील सर्वोत्तम पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लिहिणारे स्वतः दिग्दर्शक. ब्लॉगच्या दिवसांत गणेश मतकरींनी 'आपला सिनेमास्कोप'वर भरभरून लिहिलं, ते वास्तुविशारद. पुरस्कार मिळतात, मान मिळतो. घरभाडं त्यातून निघत नाही.

'पॉडकास्ट' हा शब्द २००४ मध्ये ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. आपल्याकडे मात्र ही गोष्ट घरोघरी पोचली ती २०१६ नंतर, मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर. आणि २०२० च्या मार्चमध्ये थिएटरं बंद पडली. महाराष्ट्रात ती ५ नोव्हेंबरला अर्ध्या क्षमतेने उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. या दीड वर्षात सिनेमा मोबाइलवर आला आणि त्याबद्दलचं बोलणंही. पत्रकार सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' किंवा 'अमुक तमुक' या मराठी पॉडकास्टच्या गप्पा ऐकत स्वयंपाक करणारी, लोकलमध्ये उभी राहणारी माणसं मला रोज भेटतात. दोन-दोन तास मराठीत बोलायला जागा मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. वर्तमानपत्राने मला शेवटी साडेतीनशे शब्दांवर आणून ठेवलं होतं.

पाहुणीला मानधन मात्र बहुतेक ठिकाणी नसतं. आठवडाभर चित्रपट पुन्हा बघायचे, टिपणं काढायची, जायचं-यायचं आणि "तुमची ओळख वाढेल, ताई" हे ऐकायचं. ही पोकळी भरायला प्रचार कंपन्या तयारच असतात. पैसे घेऊन कौतुक करणाऱ्यांसाठी आता नियम आहेत: जाहिरात क्षेत्राच्या स्वनियंत्रण संस्थेने जून २०२१ पासून, आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये, मोबदला घेतला असेल तर तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक केलं. नियम योग्यच आहेत. प्रामाणिक माणसाला पैसे कुठून मिळावेत, याचं उत्तर त्यात नाही.

दुसऱ्या बाजूने दबावही वाढतोय. केरळ उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी, म्हणजे न्यायालयाला सल्ला देणाऱ्या वकिलांनी, मार्च २०२४ मध्ये सुचवलं की प्रदर्शनानंतर ४८ तास व्लॉगरांनी, म्हणजे व्हिडिओतून बोलणाऱ्यांनी, परीक्षण टाकू नये. त्याच वर्षअखेरीस तमिळ निर्मात्यांची संघटना पहिले तीन दिवस ऑनलाइन परीक्षणांवर बंदी मागायला मद्रास उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने तशी अंतरिम मनाई दिली नाही. खंडणीसाठी वाईट बोलणारे आहेत, हे मी नाकारत नाही, त्यांना जरूर पकडा. पण स्वतःच्या पैशाने शुक्रवारचा पहिला खेळ बघून आलेल्या माणसाला सोमवारपर्यंत गप्प बसा म्हणणं मला मान्य नाही.

त्या गोधड्यांच्या खोलीतल्या मुलाने काही महिन्यांपूर्वी श्रोत्यांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढी द्यायची, जाहिरात नाही. मागच्या गुरुवारी त्याचा फोन आला. "ताई, उद्या बाराच्या खेळाला जाणार ना? तिकीट फेकू नका, त्याचा फोटो पाठवा. वर्गणीतून देतो." मी सवयीने नको म्हणणार होते. मग त्या काकांची आठवण झाली, दर वर्षी मंडळाची वर्गणी रोखीने आणून देणाऱ्या, आणि मी हो म्हटलं.